ओएसआयचे लेअर पाठ आहेत पण वायफाय का बंद पडलं ते सांगता येत नाही, मग नेटवर्किंग शिकायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "तिसऱ्या वर्षाला आहे, या सेमला कॉम्प्युटर नेटवर्क्स आहे. सातही लेअर आणि त्यांची कामं पाठ आहेत, इनसेमला मार्क पण चांगले पडले. पण परवा हॉस्टेलचं वायफाय बंद पडलं, मैत्रिणींनी विचारलं काय झालंय, आणि मला एक वाक्य सांगता आलं नाही. मग मी शिकले काय? बेसिक कुठून पक्कं करू?"

हा प्रश्न तुला पडला हे खूप चांगलं झालं. मी १९ वर्षं नेटवर्कमध्ये आहे, सुरुवात एका छोट्या आयएसपीकडे (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे) केबल ओढणं आणि कनेक्टर क्रिम्प करण्यापासून झाली, आता मोठ्या नेटवर्कचं डिझाइन बघतो आणि दरवर्षी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. तुझ्यासारखी परिस्थिती जवळजवळ प्रत्येकाची असते आणि त्यात मुलांचा दोष कमी, विषय ज्या क्रमाने शिकवतात त्याचा जास्त आहे.

पहिल्याच लेक्चरला ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणाऱ्या मॉडेलचे) सात लेअर येतात आणि वाटतं की इंटरनेट या नकाशावरून बांधलंय. तसं नाहीये. अर्पानेटवर (ज्यातून पुढे इंटरनेट झालं त्या नेटवर्कवर) टीसीपी/आयपी, म्हणजे आजही इंटरनेट ज्यावर चालतं ते प्रोटोकॉल (बोलण्याचे ठरलेले नियम), १ जानेवारी १९८३ ला चालू झाले आणि ओएसआय मॉडेल स्टँडर्ड म्हणून छापून आलं १९८४ मध्ये. म्हणजे नेटवर्क आधी चालत होतं. ओएसआयवाल्यांनी स्वतःचे प्रोटोकॉल पण बनवले होते, त्यातले बहुतेक गेले (आयएस-आयएस हा रस्ते शोधणारा प्रोटोकॉल मात्र अजून मोठ्या आयएसपींकडे जोरात चालतं), मागे उरली ती नंबरांची भाषा. आम्ही रोज बोलतो, "लेअर टूला प्रॉब्लेम आहे की लेअर थ्रीला?" तेवढ्यासाठी मॉडेल फार कामाचं आहे. पण सेशन लेअर आणि प्रेझेंटेशन लेअर प्रत्यक्षात कुठे दिसतात असं शोधत बसलीस तर हाताला काही लागणार नाही, त्यात वेळ घालवू नकोस. परीक्षेत लिही आणि पुढे जा.

मग धरायचं काय? एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, धर. एकच. तुझ्या लॅपटॉपवरून निघालेलं, आणि ते सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येईपर्यंत त्याच्या मागे जा. हे एकदा नीट, न घाई करता केलंस की अर्धा सिलॅबस आपोआप जागेवर बसतो.

हॉस्टेलच्या वायफायला जोडलीस की डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) तुला चार गोष्टी देतं: तुझा आयपी, सबनेट मास्क, गेटवेचा (बाहेर जायचं दार असलेल्या राउटरचा) आयपी आणि डीएनएस सर्व्हरचा आयपी. समज तुझा आयपी १०.२०.३७.१४० आणि गेटवे १०.२०.३७.१२९. आता ब्राउझरमध्ये एखाद्या साइटचं नाव टाकलंस, डीएनएसने नावावरून आयपी काढून दिला. इथून पुढचं सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉप स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा पत्ता माझ्या गल्लीतला, म्हणजे माझ्याच सबनेटमधला आहे का बाहेरचा? हे ठरवायला तो मास्क वापरतो, मास्कचं काम एवढंच आहे. बाहेरचा असेल तर पॅकेट गेटवेकडे द्यायचं. पण वायफाय किंवा इथरनेटवर आयपी बघून कोणी काही उचलत नाही, तिथे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस लागतो. म्हणून लॅपटॉप सगळ्या गल्लीत ओरडतो, "१०.२०.३७.१२९ कोण आहे? तुझा मॅक सांग." हे एआरपी. गेटवे उत्तर देतो, आणि मग पॅकेट निघतं: आतल्या चिठ्ठीवर सर्व्हरचा आयपी, बाहेरच्या पाकिटावर गेटवेचा मॅक.

इंटरव्ह्यूमध्ये माझा ठरलेला प्रश्न हाच असतो. "तू लांबच्या एका सर्व्हरला पिंग केलंस (पोचतंय का बघायला छोटं पॅकेट पाठवलंस), तो दुसऱ्या देशात आहे. आता तुझ्या एआरपी टेबलमध्ये त्याचा मॅक दिसेल का?" एआरपीचा फुलफॉर्म, पॅकेटचा फॉरमॅट सगळं धडाधडा सांगणारी मुलं इथे अडकतात आणि "हो" म्हणतात. उत्तर "नाही" आहे, तिथे फक्त गेटवेचा मॅक असणार, कारण मॅक गल्लीच्या बाहेर जातच नाही. प्रत्येक राउटर बाहेरचं पाकीट फाडतो, आतली चिठ्ठी बघतो, नवीन पाकिटात घालून पुढे देतो. एसटीने कोल्हापूरहून नागपूरला पार्सल पाठवलं तर त्याच्यावरचा पत्ता शेवटपर्यंत नागपूरचाच राहतो, वाटेत गाड्या मात्र बदलतात, तसंच. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघड, एआरपी, स्पेस, डॅश ए टाईप कर, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. हे डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाही.

एसटीचं उदाहरण एका ठिकाणी तुटतं ते पण सांगतो. १०.२०.३७.१४० हा पत्ता खाजगी आहे, असे पत्ते हजारो कॉलेजांत एकाच वेळी वापरात असतात. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटी पत्ते, जगाला पुरत नाहीत. म्हणून कॉलेजच्या बाहेर पडताना नॅट चिठ्ठीवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आपला पब्लिक आयपी लिहितो आणि कुठला पोर्ट (कनेक्शनचा नंबर) कोणाचा हे टेबलमध्ये लिहून ठेवतो, उत्तर आलं की परत तुझ्याकडे वळवतो. फोनवर जिओचा मोबाईल डेटा चालू करून आयपी बघितलास तर बहुतेक लांबलचक आयपीव्ही६ दिसेल, १२८ बिटांचा. तिथे एआरपी नसतं, त्याचं काम नेबर डिस्कव्हरी करतं. पण आधी व्ही४ पक्कं कर, व्ही६ मग एका आठवड्यात येतं.

सबनेटिंगची भीती सगळ्यांना असते आणि त्याचं कारण क्लास ए, बी, सी, म्हणजे पत्त्यांचे ठराविक मापाचे जुने गट. हे क्लास १९९३ मध्ये सीआयडीआर (मास्क हवा तेवढा लांब ठेवायची पद्धत) आल्यापासून कामातून गेलेत, तरी विचारले जातात, पाठ करून ठेव. पण समजायला फक्त बिट बघ. १०.२०.३७.१४० स्लॅश २६ म्हणजे पहिले २६ बिट गल्लीचे, उरलेले ६ घरांचे. ६ बिटांत ६४ आकडे, म्हणून गल्ल्या ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. १४० तिसऱ्या गल्लीत. पहिला आकडा नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले ६२. झालं. यूट्यूबवर शॉर्टकट खूप आहेत, पण पहिले चार दिवस कागदावर बायनरी लिहूनच कर, रोज वीस उदाहरणं. शॉर्टकट नंतर आपोआप सुचतात.

आणि हे नुसतं मार्कांसाठी नाहीये. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ऑफिसात गेलो होतो, तक्रार अशी की एका पीसीवर इंटरनेट मस्त चालतं, फक्त शेजारच्या डिपार्टमेंटचा प्रिंटर सापडत नाही. बाकी सगळ्यांना सापडतो. मी केबल बदलली, ड्रायव्हर परत टाकला, अर्धा दिवस गेला. कोणीतरी त्या पीसीला हाताने आयपी देताना मास्क २५५.२५५.२५५.१९२ च्या ऐवजी २५५.२५५.२५५.० टाकला होता. त्यामुळे दुसऱ्या गल्लीतला प्रिंटर पीसीला आपल्याच गल्लीत वाटत होता, तो एआरपीने हाका मारत बसायचा, उत्तर कोण देणार? इंटरनेटचे पत्ते मात्र या दोन्ही मास्कने बाहेरचेच ठरतात, म्हणून ते चालत होतं. वरचा "गल्लीतला का बाहेरचा" हा एक प्रश्न मला तेव्हा खरा कळला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

आता टीसीपी, म्हणजे डेटा न हरवता आणि क्रमाने पोचवणारा प्रोटोकॉल. सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक हे कनेक्शन जोडतानाचे तीन मेसेज सगळ्यांना येतात (अॅक म्हणजे पोचपावती). कंजेशन कंट्रोलचा (नेटवर्कमधली गर्दी आवरण्याचा) तो करवतीच्या दातांसारखा ग्राफ पण सगळे काढतात, पण तो कशासाठी आला ते विचारलं की शांतता. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ, ज्यांच्यात अंतर साधारण ३६५ मीटर, त्यांच्यातल्या लिंकचा स्पीड ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर आला. केबीपीएस नाही, बीपीएस, सेकंदाला ४० बिट. केबल तुटली नव्हती. नेटवर्क भरलं की पॅकेट पडायची, पडली की प्रत्येक मशीन तीच परत पाठवायचं, त्याने नेटवर्क अजून भरायचं. व्हॅन जेकबसन यांनी याचा अभ्यास करून १९८८ मध्ये उपाय मांडला: अ‍ॅक येतील तसं हळूहळू वाढव, पॅकेट पडलं की मागे सर. तुझा ग्राफ म्हणजे हेच. लाखो मशीन एकमेकांना न ओळखता एकाच रस्त्यावर वाट देतात, कोणी वर बसून कंट्रोल करत नाही. इतकी वर्षं झाली तरी मला हे फार सुंदर वाटतं आणि वर्गात ते तीस सेकंदांत उरकतं याचं वाईट वाटतं.

टीसीपीत अजून एक गणित हाताने करून बघ, बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो) आणि लेटन्सी (पोचायला किती वेळ लागतो) यातला फरक कायमचा डोक्यात बसेल. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २०० किमी. मुंबई ते लंडन सरळ रेषेत ७,००० किमीच्या वर आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७० मिलिसेकंद तरी लागणारच, कितीही महागडी लाईन घे. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसा घेत जाते, म्हणून आपण १३० धरू. टीसीपीच्या हेडरमध्ये विंडोचं फील्ड १६ बिटांचं, म्हणजे अ‍ॅक न येता जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेत राहू शकतात. एका फेरीत एवढेच जाणार. ६५,५३५ गुणिले ८, भागिले ०.१३ सेकंद, येतात साधारण ४ एमबीपीएस. लाईन १ जीबीपीएसची असली तरी एका कनेक्शनला ४! याच्यासाठीच पुढे विंडो स्केलिंग हा ऑप्शन आला. आता वायरशार्कमध्ये (पॅकेट पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कुठलाही सिन उघड, ऑप्शन्समध्ये विंडो स्केल दिसेल, आणि ती ओळ आता तुला ओळखीची वाटेल.

वायरशार्क आजच टाक. फुकट आहे. पहिल्यांदा चालू केलं की सेकंदाला शेकडो ओळी पळायला लागतात आणि माणूस घाबरून बंद करतो. तसं नको करूस. बाकी सगळे टॅब बंद कर, कॅप्चर चालू, एकच साधी गोष्ट कर, म्हणजे एक पिंग किंवा एक साइट, कॅप्चर बंद. मग फिल्टरमध्ये आधी फक्त डीएनएस बघ, मग एआरपी, मग टीसीपीचे पहिले तीन पॅकेट. एक दिवस वायफाय बंद करून परत जोड आणि डीएचसीपीचे मेसेज बघ. दिवसाला एकच प्रोटोकॉल, पण त्यातलं प्रत्येक फील्ड, आणि प्रत्येक फील्डला विचार, "हे नसतं तर काय बिघडलं असतं?" टीटीएल (दर राउटरला एकने कमी होणारा, पॅकेटचं आयुष्य ठरवणारा आकडा) नसता तर? रस्ता चुकलेलं पॅकेट राउटरांमध्ये गोल गोल फिरत राहिलं असतं. ट्रेसरूट याच टीटीएलवर चालतं, आधी १ ठेवून पाठवायचं, मग २, मग ३, ज्या राउटरवर शून्य होतं तो "माझ्याकडे मेलं" असं कळवतो आणि त्यातून रस्ता कळतो. मध्येच तारे दिसले म्हणजे लिंक तुटली असं नसतं हां, काही राउटर नुसतं उत्तर देत नाहीत. एक मात्र पाळ: कॅप्चर स्वतःच्या मशीनचंच करायचं, कॉलेजच्या नेटवर्कवर स्कॅनिंग किंवा दुसऱ्यांचं ट्रॅफिक बघणं परवानगीशिवाय अजिबात नाही.

वायरशार्कने माझी स्वतःची एक मोठी अडचण सोडवली होती. दोन ऑफिसांच्या मध्ये व्हीपीएन टनेल, म्हणजे इंटरनेटमधून नेलेला खाजगी रस्ता, होता. पिंग जात होतं, लॉगिन पेज उघडत होतं, रिपोर्टवर क्लिक केलं की नुसतं फिरत राहायचं. अ‍ॅप्लिकेशनवाले म्हणायचे नेटवर्क, आम्ही म्हणायचो पिंग जातंय ना मग अ‍ॅप्लिकेशन. दोन दिवस असेच गेले. शेवटी दोन्ही बाजूंना कॅप्चर लावलं तेव्हा दिसलं की छोटी पॅकेट पोचतात, मोठी १,५०० बाइटवाली निघतात पण पलीकडे येतच नाहीत. टनेल स्वतःचं हेडर लावतो त्यामुळे आत जागा कमी उरते, मोठं पॅकेट मावलं नाही की राउटर आयसीएमपीने (पिंग आणि अडचणीचे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलने) कळवतो "लहान करून पाठव", आणि कोणीतरी सिक्युरिटी म्हणून फायरवॉलवर पिंग सोडून बाकी आयसीएमपी सगळंच बंद केलं होतं. सांगणाऱ्याचंच तोंड बांधलं होतं. तू घरी करून बघ: विंडोजमध्ये पिंगला तुकडे करू नको हा ऑप्शन, डॅश एफ, आणि साईज, डॅश एल, १४७२ दे. इथरनेटवर हा आकडा जातो आणि १४७३ जात नाही, कारण १४७२ अधिक आयसीएमपीचे ८ अधिक आयपी हेडरचे २० म्हणजे बरोबर १,५००. ब्रॉडबँड पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर अजून ८ कमी होतात. परीक्षेसाठी पाठ केलेले हे २० आणि ८ असे कामाला येतात.

लॅबसाठी पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चांगलं आहे, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत अकाउंट काढलं की फुकट मिळतं, कॉलेजला बहुतेक तेच असतं. पण त्यात खरी पॅकेट नसतात. जमलं तर लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस शीक, एकाच लॅपटॉपमध्ये तीन राउटर आणि दोन पीसी उभे करता येतात, आणि नेटेम नावाच्या गोष्टीने मुद्दाम लेटन्सी आणि लॉस टाकता येतो. २ टक्के पॅकेट पाडून डाउनलोडचा स्पीड बघ काय होतो ते. आणि मोडून बघ. लॅबचा प्रयोग चालला, सही घेतली, संपलं, असं नको. चालल्यावर गेटवे चुकीचा टाक, लक्षण लिहून ठेव. डीएनएस चुकीचा टाक, लक्षण लिही. एकच आयपी दोघांना दे. अशी एक वही भर. आमचं पूर्ण काम लक्षणावरून रोग ओळखायचं आहे, आणि लॅबमध्ये सगळ्यांना फक्त निरोगी नेटवर्क दाखवतात.

सॉकेट प्रोग्रामिंग, म्हणजे नेटवर्कवर बोलणारे प्रोग्राम लिहिणं, टाळू नकोस. पायथनमध्ये पन्नास ओळींचा चॅट लिही. त्यात एकदा तरी असं होईल की तू दोनदा पाठवलंस आणि समोर एकदमच जोडून आलं, किंवा अर्धंच आलं. तेव्हा कळतं की टीसीपी मेसेज नेत नाही, बाइटांचा प्रवाह नेतो, मेसेज कुठे संपतो ते आपण ठरवायचं. हे धड्यात एका ओळीत असतं आणि प्रोग्राम फसल्याशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही.

बीजीपी (मोठी नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) तिसऱ्या वर्षाला वरवरच असतं, पण एक घटना वाच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम जगभर साधारण सहा तास बंद होते. वरून बघणाऱ्याला वाटलं डीएनएस गेलं, नाव शोधलं की उत्तर येत नव्हतं. प्रत्यक्षात त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जायचे रूटच बीजीपीमधून मागे घेतले गेले होते. सर्व्हर चालू, रस्ता गायब. लक्षण वरच्या लेअरला आणि मूळ खाली, हे यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अजून एक, आणि हे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी आवर्जून सांगतो. शब्द इंग्रजी राहू देत, पण गोष्ट मराठीत सांगून बघ, मोठ्याने, रूममेटला किंवा आईला फोनवर. "एन्कॅप्सुलेशन" लिहिता येतं पण "पाकिटात पाकीट" असं सांगता येत नसेल तर अजून कळलेलं नाही. व्हायवामध्ये याचाच फरक पडतो. गेट परीक्षेचं म्हणशील तर स्लायडिंग विंडो, सबनेटिंग आणि डिलेची गणितं, जुने पेपर सोडव, एनपीटीईएलची ऑनलाइन लेक्चर आहेत, तेवढं पुरे.

आता तुझं वायफाय. पुढच्या वेळी बंद पडलं की घाई न करता आधी स्वतःचा आयपी बघ. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून काही आलंच नाही, विंडोजने स्वतःच पत्ता घेतलाय. आयपी बरोबर असेल तर गेटवेला पिंग कर, उत्तर नाही आलं तर एआरपी टेबलमध्ये त्याचा मॅक आहे का ते बघ, कारण काही गेटवे पिंगला उत्तर देत नाहीत पण मॅक दिसला म्हणजे गल्ली ठीक आहे. मग ८.८.८.८ ला (गूगलच्या डीएनएस सर्व्हरला) पिंग. ते गेलं आणि साइट उघडत नसेल तर डीएनएसकडे बघ. ते नाही गेलं आणि गेटवे दिसतोय, तर अडचण हॉस्टेलच्या बाहेर जायच्या लाईनला.

माझा अंदाज विचारशील तर पहिलंच निघेल. हॉस्टेलमध्ये बऱ्याचदा कोणीतरी स्लॅश २४ ठेवलेलं असतं, म्हणजे २५४ पत्ते, आणि दीडशे मुली प्रत्येकी एक फोन एक लॅपटॉप म्हटलं तरी ३०० उपकरणं होतात. दिवसा कॉलेजात असता तेव्हा चालतं, रात्री नऊला सगळ्या रूमवर आल्या की पत्ते संपतात, आणि लीज (एक पत्ता किती वेळासाठी दिला ती मुदत) २४ तासांची असेल तर गेलेल्यांचे पत्ते पण अडकून राहतात. जुन्या जोडलेल्यांचं चालू, नवीन जोडणाऱ्यांचं बंद, असं असेल तर हेच आहे. १६९.२५४ चा स्क्रीनशॉट काढ, वेळ लिही, किती जणींचं चालतंय किती जणींचं नाही ते मोज, आणि कॉलेजचं नेटवर्क बघणाऱ्यांना नीट सांग की सर, डीएचसीपीचा पूल संपतोय असं वाटतंय, स्लॅश २२ करता येईल का किंवा लीज दोन तासांची. काय निघालं ते मला नक्की कळव, अंदाज चुकला तर तेही.